बिलगावचा दिवा

ज्यांचे बालपण चिमणीच्या उजेडात गेले, त्यांना रॉकेलचा तो वास आजही नाकात आहे असे वाटते. शाईच्या रिकाम्या दौतीच्या झाकणाला भोक पाडायचे, जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात करायची आणि रेशनचे रॉकेल जपून ओतायचे, झाली चिमणी तयार. कंदील असलाच तर तो पाहुणे आल्यावर निघायचा. आमच्या घरी आई सांजवेळी चुलीतली राख घेऊन कंदिलाची काच पुसत बसे. ती काच फुटली तर घरात मयत झाल्यासारखी शांतता पसरायची, कारण नवी काच म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. शहाद्याकडच्या आमच्या खेड्यात विजेचे खांब आले तेव्हा ते पाटलांच्या गल्लीपर्यंत येऊन थांबले. आमची वस्ती तिथून दोनशे पावलांवर होती. ती दोनशे पावले चालायला विजेला आणखी सहा वर्षे लागली. कोणी मुद्दाम अडवले असे म्हणवत नाही, पण कोणी घाईही केली नाही.

ही आठवण एवढ्यासाठी सांगितली की आज ज्या गावाची गोष्ट सांगायची आहे, तिथे खांब गावाच्या वेशीपर्यंतही पोहोचले नव्हते. त्या गावाने वाट पाहणे सोडून दिले आणि नदीच्या पाण्यावर स्वतःची वीज केली.

गावाचे नाव बिलगाव. जिल्हा नंदुरबार, तालुका अक्राणी, म्हणजे आपण ज्याला धडगाव तालुका म्हणतो तो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार वेगळा झाला. त्याचे नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. पहिले चार तालुके आपल्यापैकी पुष्कळांनी एस.टी.ने पाहिले असतील. अक्कलकुवा आणि अक्राणी मात्र सातपुड्याच्या पोटात आहेत. डोंगराच्या उतारावर एकेक घर, त्याला लागून शेत, मग दरी, पलीकडे दुसरे घर. एका गावाचे पाडे एकमेकांपासून मैल-मैल लांब असतात. भिल्ल आणि पावरा आदिवासींची ही वस्ती. उत्तरेला खाली नर्मदा वाहते आणि तीच महाराष्ट्राची सीमा आहे. नर्मदेला मिळणाऱ्या उपनद्यांपैकी एक उदई, आणि तिच्या काठी बिलगाव. तिथे नदी खडकावरून खाली झेप घेते. पाहुण्याला तो धबधबा सुंदर दिसेल, पण ज्याला विजेचे थोडे ज्ञान आहे त्याला त्या ठिकाणी दुसरेच काही दिसेल. फुकट वाहून जाणारी ताकद!

ही ताकद किती असते, याचा हिशोब शाळेतल्या मुलालाही जमण्यासारखा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दर सेकंदाला एक लिटर पाणी एक मीटर उंचीवरून पडत असेल तर त्यात साधारण दहा वॅट शक्ती असते. (अचूक आकडा ९.८ आहे, पण तोंडी हिशोबाला दहा धरावे.) पाणी दुप्पट झाले की शक्ती दुप्पट, उंची दुप्पट झाली तरी शक्ती दुप्पट. यातली सगळी शक्ती काही विजेत उतरत नाही. पाइपात घर्षण, चाकात घर्षण, जनित्रात उष्णता, असे करता करता लहान संचात साधारण निम्मी हाती लागते. म्हणून गुणाकार करावा आणि अर्धा करावा. समजा धबधब्याची उंची १० मीटर धरली आणि दर सेकंदाला ३०० लिटर पाणी वळवले, तर हातात सुमारे १५ किलोवॅट पडतात.

बिलगावचा संच नेमका १५ किलोवॅटचाच होता. जानेवारी २००३ मध्ये तो सुरू झाला. केरळमधल्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी' या गटाच्या तरुण अभियंत्यांनी आखणी केली. परदेशात शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्या भारतीयांनी १९९१ साली अमेरिकेतल्या मेरीलँड इथे सुरू केलेल्या 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' या संस्थेने पैशांचे पाठबळ दिले आणि नर्मदा बचाव आंदोलनाने माणसे जोडली. पण दगड उचलले, चर खणले, नदीत उतरून बांध घातला तो गावकऱ्यांनी, श्रमदानाने. सिमेंटची गोणी धडगावच्या डोंगरातून आत न्यायची म्हणजे काय, हे ज्याने तिकडचा रस्ता पाहिला आहे त्यालाच कळेल.

त्याआधी एक छोटा प्रयोग नर्मदाकाठच्या डोमखेडीत झाला होता. तिथे २००० साली ओढ्यावर अवघ्या ३०० वॅटचा संच बसवला होता. तीनशे वॅट म्हणजे जुन्या साठच्या बल्बांचे पाच बल्ब. हसू येईल इतके थोडे. पण ज्या झोपडीत पिढ्यान्‌पिढ्या चुलीखेरीज उजेड नव्हता, तिथे तो बल्ब लागला तेव्हा कोणी हसले असेल असे वाटत नाही. डोमखेडीचा संच पुढे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला. त्यातून शिकून बिलगावचा मोठा संच उभा राहिला.

आता हा संच चालतो कसा, ते थोडे सविस्तर सांगतो. आपल्या घराघरांत फिटर, वायरमन, टर्नर आहेत, आय.टी.आय.ला जाणारी मुले-मुली आहेत. त्यांना यात रस वाटेल आणि वाटावा.

पहिली गोष्ट, यात धरण लागत नाही. नदीच्या आडवा एक ठेंगणा बांध घालतात, तो पाणी साठवण्यासाठी नसतो, थोडे पाणी बाजूला वळवण्यासाठी असतो. उरलेली नदी बांधावरून तशीच पुढे जाते. वळवलेल्या पाण्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवतात, नाहीतर पळसाची पाने आणि काटक्या आत जाऊन चाक अडते. मग एक छोटा हौद, जिथे वाळू खाली बसते. वाळू हा चाकाचा मोठा शत्रू. ती पात्यांना घासून घासून खाते. हौदातून जाड पाइप उतारावरून खाली येतो आणि त्यातले पाणी जोराने टर्बाइनवर, म्हणजे पात्यांच्या चाकावर पडते. चाक फिरते, त्याला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज तयार होते. काम झालेले पाणी पुन्हा नदीत सोडून देतात. पाण्याचा एक थेंबही खर्च होत नाही, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. आपण चक्कीवर दळण दळल्यावर धान्याचे पीठ होते, पण इथे पाणी पाणीच राहते. त्याने फक्त आपला पडण्याचा जोर उसना दिलेला असतो.

टर्बाइन महाग पडते, म्हणून जगभर गरीब गावांनी एक युक्ती केली आहे. शेतात विहिरीवर असतो तो साधा सेंट्रीफ्यूगल पंप उलटा चालवायचा. पंपाला वीज दिली की तो पाणी फेकतो, आणि त्याच पंपात पाणी जोराने घातले की तो वीज देतो. योग्य मोटर आणि कपॅसिटर निवडावे लागतात, पण दुरुस्तीला तालुक्याचा मोटर-रिवायंडिंगवालासुद्धा पुरतो. परदेशी यंत्र बिघडले तर महिनोन्‌महिने अंधार.

दुसरी अडचण मजेशीर आहे. रात्री दहा वाजता लोक दिवे मालवून झोपतात. मागणी एकदम कमी झाली की चाकावरचे ओझे उतरते आणि ते बैल सुटल्यासारखे पळू लागते. व्होल्टेज चढते आणि जे दोन-चार दिवे चालू असतील ते फुटतात. मोठ्या वीजघरात यावर महागडी यंत्रणा असते. लहान संचात मात्र एक इलेक्ट्रॉनिक पेटी बसवतात. गावाने न वापरलेली वीज ती पेटी एका हीटरच्या कॉइलकडे वळवते, म्हणजे चाकाला नेहमी सारखेच ओझे वाटते. कॉइल पाण्याच्या टाकीत बुडवली तर फुकटचे गरम पाणी मिळते. डोंगरातल्या थंडीत आश्रमशाळेच्या पोरांना आंघोळीला याहून चांगले काय!

पंधरा किलोवॅट म्हणजे किती, असे कोणी विचारेल. साठ वॅटचे अडीचशे बल्ब एका वेळी. आजच्या नऊ वॅटच्या एल.ई.डी. दिव्यांच्या हिशोबाने सोळाशेहून अधिक. शहरातल्या एका मोठ्या इमारतीची लिफ्ट आणि पंप चालवायला एवढी वीज जाते. पण पाड्यांच्या गावात एवढ्यात घरोघरी दिवा आणि मुलांचा अभ्यास भागतो, आणि दिवसा दिवे बंद असताना एखादी पाच हॉर्सपॉवरची पिठाची गिरणी आरामात चालते. ज्या बाईने पहाटे चारला उठून जात्यावर ज्वारी-मका दळला आहे, तिला गिरणीचे मोल दिव्यापेक्षा जास्त वाटेल. विजेच्या गोष्टी लिहिणारे बहुधा पुरुष असतात, त्यामुळे सगळीकडे दिव्याचे कौतुक होते आणि जाते राहून जाते.

बिलगावचे नाव पुढे एका वेगळ्याच कारणाने झाले. २००४ साली आशुतोष गोवारीकर यांचा 'स्वदेस' चित्रपट आला. शाहरुख खान अमेरिकेतल्या 'नासा'तला इंजिनिअर असतो आणि खेड्यात येऊन ओढ्याच्या पाण्यावर वीज करतो, ते आपण सर्वांनी टी.व्ही.वर पाहिले आहे. चित्रपटातले चरणपूर काल्पनिक, चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीला झाले. पण त्यातल्या वीजप्रकल्पामागे बिलगावची प्रेरणा होती, असे सांगितले जाते. चित्रपट चांगला आहे, त्यात जातीचा प्रश्नही टाळलेला नाही. तरी एक गोष्ट मनात राहते. पडद्यावर शिकलेला बाबू येतो आणि गाव जागे करतो. बिलगावात बाहेरचे इंजिनिअर आले होते हे खरे, पण लोक आधीपासून जागे होते. पंधरा-सोळा वर्षे ते सरदार सरोवराच्या बुडिताविरुद्ध लढत होते, मोर्चे काढत होते, पाण्यात उभे राहत होते. त्यांना जागे करण्याची गरज नव्हती. त्यांना एक टर्बाइन हवे होते.

आणि मग ते गेले.

८ मार्च २००६ रोजी नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाने सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी दिली. त्याविरुद्ध दिल्लीत जंतरमंतरवर मेधा पाटकर आणि त्यांच्या साथीदारांनी उपोषण केले, पण काम सुरूच राहिले. त्या वर्षीचा पावसाळा मोठा होता. ऑगस्ट २००६ मध्ये नर्मदेला पूर आला. वाढलेल्या धरणाचा फुगवटा उपनद्यांच्या खोऱ्यांत चढला, त्यात उदईचे पाणी. बिलगावचा संच पुराने उद्ध्वस्त झाला. साडेतीन वर्षे गावाने स्वतःच्या हाताने लावलेला दिवा, देशाला वीज देण्यासाठी बांधलेल्या धरणाच्या पाण्याने विझवला.

आकडे समोरासमोर ठेवले तर डोके गरगरते. सरदार सरोवराची दोन वीजघरे मिळून १,४५० मेगावॅटची, २००४ ते २००६ या काळात सुरू झालेली. त्यात मध्य प्रदेशचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ टक्के आणि गुजरातचा १६ टक्के. बिलगावच्या संचापेक्षा ही ताकद सुमारे ९७ हजार पट. महाराष्ट्रातली ३३ गावे या धरणाने बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीची. महाराष्ट्राच्या वाट्याची वीज तारांवरून कारखान्यांकडे आणि शहरांकडे जाते. ज्यांचे शेत बुडाले त्यांच्या पाड्यावर मात्र ती पोहोचलेली नव्हती.

इथे आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल आणि तो टाळू नये. स्वतः बाबासाहेब मोठ्या धरणांच्या बाजूचे होते ना? होते. हे लपवण्याचे काही कारण नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. त्याच खात्याकडे वीज आणि पाटबंधारे होते, हे आपल्या घरातल्या मुलांना पाठ्यपुस्तकातून सहसा कळत नाही. दामोदर, हिराकुड, सोन या खोऱ्यांच्या योजनांचा पाया त्या वर्षांत घातला गेला. १९४४ साली विजेच्या आखणीसाठी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. त्याआधी २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. वीज सरकारच्या मालकीची असावी की खाजगी, हा प्रश्न त्यांनी तिथे ठेवला. देशाला वीज हवी कशासाठी, हेही विचारले. शेतीवर दाटी करून बसलेल्या माणसांना दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवायचे तर उद्योग हवेत, आणि उद्योगांसाठी स्वस्त आणि मुबलक वीज हवी, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे त्यांच्या दृष्टीने वीज हे साधन, आणि गरिबी संपणे हा हेतू. माझे मत असे की, जे धरण गरिबाला विस्थापित करून त्याच्या पाड्यावर अंधार ठेवते, ते त्या हेतूच्या कसोटीवर तपासून पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो अधिकार वापरणे म्हणजे बाबासाहेबांना विरोध नव्हे. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी ते भाषण स्वतः काढून वाचावे आणि मग वाद घालावा.

तसे पाहिले तर ही गोष्ट आपल्या मुंबईच्या चाळींशीही जोडलेली आहे. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले ते प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी. आपले आजे-पणजे ज्या मागावर आणि साच्यावर राबले, ते सह्याद्रीच्या पाण्यावर फिरत होते. आणि पुढच्या मुळशी धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी. धरणाविरुद्धचा लढा नर्मदेवर सुरू झाला असे समजणाऱ्यांनी मुळशी विसरू नये. गिरणीत साचा चालवणारा आणि डोंगरात जमीन गमावणारा, दोघेही एकाच तारेच्या दोन टोकांना होते. एकमेकांना ओळखत मात्र नव्हते.

भारतात पाण्यावरची पहिली वीज तर अशा लहान संचानेच सुरू झाली. १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग इथे १३० किलोवॅटचे वीजघर उभे राहिले. सरकारी व्याख्येत १०० किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पाला सूक्ष्म म्हणतात, २५ मेगावॅटपर्यंतचे सगळे लघु. नेपाळच्या डोंगरात असे सूक्ष्म संच गावोगाव आहेत. शेजारच्या कर्नाटकात मलनाडच्या घाटात एका घरापुरते, जेमतेम एक किलोवॅटचे संच शेतकऱ्यांनी बसवले आहेत. २००३ च्या वीज कायद्याने अधिसूचित ग्रामीण भागात वीज तयार करून वाटण्यासाठी परवान्याची अटही काढून टाकली. म्हणजे कायद्याची वाट मोकळी आहे.

२८ एप्रिल २०१८ रोजी देशातले प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. ऐकायला छान वाटते. पण गाव विद्युतीकृत कधी मानायचे, याची व्याख्या २००४ पासून अशी आहे की शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज असावी आणि एकूण घरांपैकी दहा टक्के घरांत ती पोहोचलेली असावी. शंभरातल्या दहा घरांत दिवा लागला की कागदावर गाव उजळले. उरलेली नव्वद घरे कोणत्या पाड्यावर आणि कोणत्या वस्तीत असतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्याच वेळी घरोघरी जोडणी देण्याची 'सौभाग्य' योजनाही चालू होती, सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली. त्यातून पुष्कळ घरांत मीटर आले. पण डोंगरात झाड पडले, तार तुटली, तर ती जोडायला माणूस कधी येईल, हा प्रश्न मीटरने सुटत नाही.

पाण्यावरच्या विजेचेही दोष आहेत. सातपुड्यातले बरेच ओढे होळीनंतर आटू लागतात. जंगल जितके तुटले तितके झरे लवकर सुकतात. चैत्र-वैशाखात संच बंद पडला तर गावाला पुन्हा चिमणी शोधावी लागते. म्हणून ओढा बारमाही नसेल तिथे पावसाळा-हिवाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात सौर पॅनेल अशी जोड घालणे शहाणपणाचे. दुसरा दोष माणसांचा. संच बसवणे सोपे, सांभाळणे कठीण. जाळी रोज साफ करणारा एक माणूस ठरलेला हवा, त्याला महिन्याला काही द्यायला घरटी वर्गणी हवी आणि वर्गणीचा हिशोब चावडीवर सर्वांसमोर हवा. नाहीतर वर्षभरात पाइपात घोरपड राहायला येते.

आपल्यापैकी काहींचे सोयरे डोंगराळ भागात आहेत. कोणी शिक्षक म्हणून आश्रमशाळेत आहे, कोणी आरोग्य उपकेंद्रात. तिथे बारमाही ओढा असेल तर पुढची मोजणी जरूर करून पाहावी. ओढ्याचे पाणी दगड-मातीचा छोटा बांध घालून एका पन्हळीत आणावे. वीस लिटरचा डबा खाली धरावा आणि तो भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहावे. चार सेकंद लागले तर पाणी सेकंदाला पाच लिटर. मग उंची. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून उतारावर टप्प्याटप्प्याने खाली यावे आणि प्रत्येक टप्प्याची उंची लिहून बेरीज करावी. समजा २० मीटर भरली. पाच गुणिले वीस गुणिले दहा म्हणजे हजार, त्याचे अर्धे पाचशे वॅट. एल.ई.डी.चे पन्नास दिवे, आणि रात्रंदिवस चालले तर दिवसाला बारा युनिट. तारेला हात मात्र जाणकार वायरमनखेरीज कोणी लावू नये, दोनशे तीस व्होल्ट लहान संचातूनही तितकाच जोराचा झटका देतात. आणि ही मोजणी श्रावणात करू नये. तेव्हा सगळेच ओढे श्रीमंत असतात. वैशाखात करावी, भर दुपारी, ओढा सर्वांत बारीक असतो तेव्हा.